विदुषी कमलाबाई सोहोनी

शेतात दिवसभर राबणारा शेतकरी सायंकाळी थकून घरी येतो. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि एखादी पालेभाजी, एवढेच त्याचे जेवण. ते जेवून तो झोपी जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ताज्या दमाने कामाला लागतो. रात्री खाल्लेल्या भाकरीचे सकाळपर्यंत बळ कसे झाले? वरणातील डाळीचे त्याच्या अंगात रक्तमांस कसे झाले? आणि ज्याच्या ताटात ही डाळही पुरेशी पडत नाही, त्याच्या मुलाबाळांचे काय होत असेल? हे प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांची उत्तरे शोधण्यात एका मराठी विदुषीने आपले सारे आयुष्य वेचले. त्या विदुषीचे नाव कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचे कार्य समजण्यासाठी प्रथम आपल्या शरीराची रचना थोडी लक्षात घेतली पाहिजे. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. सारख्या पेशी एकत्र येऊन एकच कार्य करू लागल्या, म्हणजे त्या समूहाला ऊती असे म्हणतात. त्वचेचा बाहेरील थर आणि आतड्याचे आतील अस्तर ज्यांचे बनते, त्या अभिस्तर ऊती. अवयवांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या, त्या संयोजी ऊती. हालचाल घडवून आणणाऱ्या, त्या स्नायू ऊती. आणि मेंदूचे निरोप सर्व शरीरात पोहोचविणाऱ्या, त्या चेता ऊती. या चार प्रकारच्या ऊतींनी आपला देह घडला आहे. घर बांधून झाले, तरी त्याची डागडुजी चालूच ठेवावी लागते. शरीराचेही तसेच आहे. ऊतींची झीज भरून काढण्यासाठी व वाढत्या वयात त्यांची नवी बांधणी करण्यासाठी प्रथिने लागतात. ही प्रथिने आपल्याला दूध, डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस अशा अन्नातून मिळतात. पिष्टमय व स्निग्ध पदार्थांपासून मुख्यतः काम करण्याची शक्ती लाभते, तर जीवनसत्त्वे व क्षार हे अल्प प्रमाणात लागत असले, तरी त्यांच्यावाचून शरीराचा व्यवहार सुरळीत चालत नाही.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत झाले होते. घरात विद्येचा मान होता, आणि मुलींनी शिकू नये, असे त्या घरात कोणास वाटत नव्हते. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत या पुढे लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक व नामवंत लेखिका झाल्या. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. एक भगिनी साहित्याच्या वाटेने गेली, दुसरीने विज्ञानाची वाट धरली. परंतु स्वाभिमान व निर्भयता हे गुण दोघींच्याही अंगी सारखेच होते.

१९३३ साली कमलाने रसायनशास्त्र हा मुख्य विषय व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी उत्तम रीतीने मिळविली. वडिलांनी व चुलत्यांनी जेथे अध्ययन केले, त्याच बंगळूरच्या संस्थेत जाऊन आपण संशोधन करावे, अशी तिची मनीषा होती. तिने प्रवेशासाठी अर्ज केला. गुण उत्तम होते, विषय योग्य होता. तरीही अर्ज नाकारण्यात आला. कारण एकच होते, अर्ज करणारी व्यक्ती स्त्री होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताचे नाव जगभर गाजविले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने नाही म्हटल्यावर दुसरे कोणी असते, तर निमूटपणे परत फिरले असते. कमला मात्र बंगळूरला गेली आणि आपला प्रवेश केवळ स्त्री म्हणून का नाकारला जावा, असा जाब तिने समक्ष विचारला. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. तिनेही सत्याग्रहाचाच मार्ग धरला आणि प्रवेश मिळाल्यावाचून तेथून न हलण्याचा निर्धार केला. अखेरीस रामन यांना तिला प्रवेश द्यावा लागला; परंतु तो काही अटींवर. पहिले वर्ष ती केवळ परीक्षाधीन राहील, संचालकांची खात्री पटल्यावरच तिच्या कामाला मान्यता मिळेल आणि तिच्या उपस्थितीमुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना अशी कोणतीही अट नव्हती. कमलाला हा अपमान फार लागला. उतारवयातही त्याची खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखविली. परंतु त्या वेळी तिने अटी मान्य केल्या. कारण दार उघडणे हे तिला त्या क्षणी अधिक महत्त्वाचे वाटले.

बंगळूरला श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली तिचे काम सुरू झाले. ते शिस्तीचे कडक होते. परंतु मनापासून शिकणाऱ्याला ते तितक्याच मनापासून शिकवीत. कमलाने दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. आपल्या देशातील कोट्यवधी लोकांना दूध रोज मिळत नाही, आणि अनेक जण मांसाहार करीत नाहीत. त्यांच्या शरीराला प्रथिने पुरविण्याचे काम डाळी व कडधान्येच करतात. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची साखळी असते. त्यांपैकी काही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन हे आम्ल कमी असते, तर डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत उणे असलेले मेथिओनिन धान्यांत अधिक असते. म्हणून वरण-भात किंवा भाकर व डाळ एकत्र खाल्ली, म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजीपणजीने अनुभवाने जे जुळवून आणले होते, त्याचा अर्थ पोषणशास्त्राने असा उलगडला.

वर्ष संपले. कमलाची चिकाटी व कामातील चोखपणा पाहून रामन यांची खात्री पटली आणि तिला रीतसर संशोधन करण्याची मुभा मिळाली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीने सोसलेल्या परीक्षेने अनेकींची वाट मोकळी झाली. १९३६ साली कमलाने एम.एस्सी. ही पदवी मिळविली.

पुढील अभ्यासासाठी त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा प्रसिद्ध होती. शुद्ध प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ व क्षार एवढ्यावरच प्राण्यांची वाढ होत नाही, त्यांना आणखी काही सूक्ष्म द्रव्ये लागतात, हे हॉपकिन्स यांनी दाखवून दिले होते. हीच द्रव्ये आज आपण जीवनसत्त्वे म्हणून ओळखतो. या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाईंनी तेथे प्रथम डेरेक रिक्टर व पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर संशोधन केले.

हे संशोधन कशाविषयी होते, ते आता पाहू. चुलीत लाकूड जळते, तेव्हा उष्णता एकदम बाहेर पडते. आपल्या पेशींतही अन्नाचे एक प्रकारे ज्वलनच होते. पचलेल्या अन्नातील साखर रक्तावाटे पेशीत पोहोचते, श्वासाबरोबर आलेला प्राणवायू तिथे येतो आणि दोहोंच्या संयोगातून ऊर्जा मिळते. परंतु हे ज्वलन चुलीसारखे भडकले, तर पेशीच भस्म होईल. म्हणून निसर्गाने ते टप्प्याटप्प्याने घडवून आणण्याची योजना केली आहे. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून भरलेल्या घागरी हातोहात पुढे द्याव्यात, त्याप्रमाणे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा मोकळी होते व ती शरीराच्या उपयोगी पडते. या रांगेतील एक महत्त्वाचे द्रव्य म्हणजे सायटोक्रोम सी. ते एक प्रथिन असून त्याच्या गाभ्यात लोह असते.

प्राण्यांच्या पेशींत अशी व्यवस्था असल्याचे शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. वनस्पतींचे काय, हा प्रश्न होता. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असल्याचे दाखविले. बटाटा मातीखाली निश्चल पडलेला दिसतो. पण तोही श्वसन करतो, आणि त्याच्या पेशींत ऊर्जा मिळविण्याची जी रीत आहे, तीच तो खाणाऱ्या माणसाच्या पेशींतही आहे! सजीव सृष्टीची ही एकता किती विस्मयकारक आहे! या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा सुमारे ४० पानांचा होता. शेकडो पानांचे प्रबंध लिहिण्याची जेथे रीत होती, तेथे हा छोटा प्रबंध आशयाच्या बळावर मान्य झाला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली. विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वाचा अधिकार १९४८ साली दिला, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या यशाची किंमत कळते.

कमलाबाई परदेशात राहिल्या असत्या, तर त्यांना मोठमोठ्या प्रयोगशाळा मिळाल्या असत्या. परंतु मिळविलेले ज्ञान आपल्या देशबांधवांच्या कामी यावे, हा त्यांचा ध्यास होता. १९३९ सालीच त्या भारतात परतल्या व दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. पुढे त्यांनी निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक या नात्याने जीवनसत्त्वांवर काम केले. ही प्रयोगशाळा पुढे १९५८ साली हैदराबादला हलविण्यात आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. त्या दशकात देशात अन्नाची स्थिती बिकट होती. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे दगावली. पोट रिकामे असणे हे तर दुःखच. परंतु पोट भरूनही शरीराला हवे ते न मिळणे, हे त्याहून लपलेले दुःख असते. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले, तर रातांधळेपणा येतो. क जीवनसत्त्व न मिळाले, तर हिरड्यांतून रक्त येते. लोह उणे झाले, तर रक्त फिके पडून माणूस लवकर थकतो. अशा उणिवांवर स्वस्त उपाय शोधणे, हेच पोषणशास्त्राचे मोठे काम आहे.

१९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कमलाबाईंचा विवाह विमागणितज्ञ सोहोनी यांच्याशी झाला व त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा आपल्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे डाळी व कडधान्ये यांकडे वळल्या.

अन्नातील प्रथिने पचविण्याचे काम जठरात सुरू होते व लहान आतड्यात पुढे चालते. तेथे स्वादुपिंडातून येणाऱ्या रसातील ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य प्रथिनांचे तुकडे करते. परंतु काही कडधान्यांत ट्रिप्सिनलाच अडविणारे एक द्रव्य असते. ते शिल्लक राहिले, तर पोटात गेलेली प्रथिने नीट पचत नाहीत. खाल्लेले असूनही त्याचा पुरता लाभ होत नाही. आपल्या ओळखीचा वाल आणि डबल बी यांतील असे द्रव्य कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनी शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा अडविणाऱ्या द्रव्यांचा जोर उष्णतेने बराच ओसरतो. म्हणून वाल रात्री भिजत घालून, मोड आणून, मग चांगले शिजवून खाण्याची आपल्या स्वयंपाकघरातील रीत किती शहाणपणाची आहे, हे ध्यानात येते. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कडधान्य पोटाला जड का जाते, याचे एक कारणही येथे सापडते.

कमलाबाईंच्या कार्यातील सर्वांत लोकोपयोगी भाग नीरेच्या संशोधनाचा होय. ताड व शिंदी या झाडांपासून पहाटेच्या वेळी जो गोड रस मिळतो, त्याला नीरा म्हणतात. ऊन चढू लागले व रस तसाच राहिला, की तो आंबून त्याची मादक ताडी होते. पण ताजी नीरा हे निर्दोष पेय आहे. आपल्या नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्याला, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाच्या उद्योगाला उत्तेजन दिले होते. त्यामुळे माणसाला मद्यापासून दूर ठेवून त्याच झाडापासून त्याची उपजीविका चालविता येईल, असा त्यामागे विचार होता. परंतु नीरेत पोषक असे नेमके काय आहे, हे प्रयोगाने सिद्ध होणे आवश्यक होते. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह पुरेशा प्रमाणात असतात आणि ती आटवून केलेल्या गुळात व काकवीतही ही पोषक द्रव्ये टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. ज्या झाडाकडे लोक केवळ व्यसनाचे मूळ म्हणून पाहत होते, त्याच झाडाचा रस गरिबांचे स्वस्त पोषण ठरू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

एवढी योग्यता असूनही त्यांच्या वाटेतील काटे संपले नव्हते. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांना न्यायाने मिळावयास हवे होते, त्यानंतर काही वर्षांनी मिळाले. तरुणपणी बंगळूरच्या दाराशी जो अनुभव आला, तोच वेगळ्या रूपाने पुन्हा समोर उभा राहिला. तरीही त्यांनी आपले काम थांबविले नाही, आणि विद्यार्थ्यांकडे पाहताना मुलगा व मुलगी असा भेद कधी मनात आणला नाही.

उत्तर आयुष्यात त्या प्रयोगशाळेबाहेर पडून थेट लोकांमध्ये आल्या. हळदीत रंग, मिरचीपुडीत विटेचा भुगा, दुधात पाणी अशा भेसळीने गरीब माणसाचा पैसा तर जातोच, शिवाय आरोग्यही जाते. ग्राहकांना जागे करण्यासाठी १९६६ साली मुंबईत ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था निघाली. कमलाबाई तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या व १९८२-८३ या काळात तिच्या अध्यक्षाही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या हिताचे लेख लिहिले. सायटोक्रोमसारख्या सूक्ष्म द्रव्याचा शोध घेणाऱ्या विदुषीला बाजारातील हळदीची चिंता करणे कमीपणाचे वाटले नाही. कारण दोन्हींचा संबंध शेवटी माणसाच्या शरीराशीच होता.

१९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते.

मुलांनो, काही थोर माणसे रणांगणावर लढतात, काही तुरुंगवास सोसतात. कमलाबाईंची लढाई वेगळी होती. एक लढाई त्यांनी बंद दारांशी केली, ती आपल्यासाठी व आपल्यामागून येणाऱ्या मुलींसाठी. दुसरी लढाई त्यांनी कुपोषणाशी केली, ती ज्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते, अशा गोरगरिबांसाठी. दोन्ही लढायांत त्यांचे शस्त्र एकच होते, ते म्हणजे परिश्रमाने मिळविलेले ज्ञान. विद्या मिळविणे कठीण आहे. परंतु मिळालेली विद्या गरिबाच्या ताटापर्यंत नेऊन पोहोचविणे त्याहून कठीण आहे. कमलाबाईंनी ते साध्य केले, म्हणूनच त्यांचे जीवन आपणा सर्वांना आदरणीय व अनुकरणीय वाटते.